तंबू, ताडपत्री की हॅमॉक? उघड्यावर झोपायचं तर काय घ्यायचं

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, थंडी पडायला लागली आणि सदराकडं येणाऱ्या पत्रांत बाहेर झोपण्याचे प्रश्न एकदम वाढले. कुणाला किल्ल्यावर जायचंय, कुणाला बागेत राखणीला, कुणी पुढच्या आषाढीची तयारी आत्तापासून करतंय. म्हणून ह्या महिन्याचं सदर सगळं ह्याच विषयाला दिलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, जवळपास प्रत्येक पत्रात ‘कुठला तंबू चांगला’ असं विचारलंय पण कुठं झोपणार आणि कुठल्या महिन्यात झोपणार हे बऱ्याच जणांनी लिहिलंच नाही, आणि त्याशिवाय उत्तर देताच येत नाही. आपल्या एका सातारा जिल्ह्यातच बघा, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच वस्तूनं दोन्हीकडं कसं भागणार?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, साताऱ्यातच राहतो. डिसेंबरात वाईकडच्या एखाद्या किल्ल्यावर आणि नंतर तापोळ्याकडं पाण्याच्या काठाला एक-एक रात्र काढायची आहे. ऑनलाइन ‘चार माणसांचा, ३००० एमएम वॉटरप्रूफ’ तंबू लई स्वस्तात दिसतोय. घेऊन टाकू का?

थांबा जरा. ३००० एमएम म्हणजे काय, तर त्या कापडावर ३००० मिलिमीटर उंचीएवढ्या पाण्याचा दाब आला तरी पाणी आत झिरपत नाही असा कंपनीचा दावा. वरच्या छताला १५००-२००० असलं तरी साध्या पावसाला पुरतं, तळाला मात्र जास्त लागतं, कारण आपण गुडघा टेकतो, कोपरावर भार देतो तेव्हा ओल्या जमिनीतलं पाणी दाबानं वर येतं. पण मुळात डिसेंबरात अवकाळी सोडला तर पाऊस कुठं आहे? तुमची गाठ दवाशी आहे आणि स्वतःच्या श्वासाशी. चार माणसं बंद तंबूत रात्रभर श्वास सोडणार, ती वाफ गार कापडाला लागली की तिचं पाणी होणार, आणि पहाटे तेच तोंडावर टपकायला लागलं की सगळे म्हणतात तंबू गळतोय. कापड जेवढं पक्कं वॉटरप्रूफ तेवढी वाफ आत कोंडते, त्यामुळं एकाच थराचा स्वस्त तंबू आणि त्यावर छापलेला मोठा आकडा ही थंडीसाठी सगळ्यात वाईट जोडी आहे.

घ्यायचा तर दोन थरांचा घ्या. आतला तंबू जाळीचा किंवा हवा खेळणाऱ्या पातळ कापडाचा, त्यावर वेगळा फ्लाय, म्हणजे पाऊस-दव अडवणारं बाहेरचं आवरण, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं तरी मोकळी जागा. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला आतून पाणी धरलं तरी ते खाली ओघळून जातं, अंथरुणावर येत नाही. दुकानात तंबू बघताना फ्लाय किती खाली येतो ते बघा. काही तंबूंना नुसता डोक्यावर छोटा तुकडा असतो आणि बाजू उघड्या राहतात, वारा-पाऊस तिरका आला की सगळं आत. वरच्या बाजूला हवेची खिडकी आहे का तेही बघा, आणि थंडी वाजते म्हणून रात्री ती बंद करू नका. खिडकी उघडी ठेवून एक जास्तीचं पांघरूण घेतलेलं परवडतं, ओल्या पांघरुणात पहाट काढणं परवडत नाही.

आता ‘चार माणसांचा’ ह्या शब्दावर जाऊ नका. कंपनीच्या हिशोबात माणूस म्हणजे एक अरुंद मॅट, त्या चार मॅट खेटून मावल्या की झाला चार माणसांचा तंबू, सॅक, बूट, पाण्याच्या बाटल्या कुठं ठेवायच्या ते तुमचं तुम्ही बघा. तुम्हाला माझा सल्ला, दोन-दोन माणसांचे दोन तंबू घ्या. ओझं वाटून जातं, किल्ल्यावर सपाट जागा तुकड्या-तुकड्यानंच मिळते त्यात बसतात, आणि एखाद्याचा खांब मोडला तर दुसरा शाबूत असतो. खांब ॲल्युमिनियमचे मिळाले तर उत्तमच. फायबरचे स्वस्त असतात पण वाऱ्यात ताण आला की उभे चिरतात आणि त्याच्या बारीक कुसळ्या हातात घुसतात. खांब चिरलाच तर वर सरकवायची छोटी धातूची नळी मिळते, ती सोबत ठेवा, चिकटपट्टीचा तुकडाही ठेवा.

तंबू आपल्या आपण उभा राहणारा, म्हणजे खुंट्या न ठोकता नुसत्या खांबांवर आकार धरणारा पाहिजे. आपल्या किल्ल्यांवर दोन-तीन बोटं मातीखाली कातळ असतो, खुंटी दोन इंच जाते आणि वाकते. मग दोऱ्या दगडांना बांधायच्या, पण दोरी थेट धारदार दगडाला गुंडाळली की घासून तुटते, म्हणून काठीला दोरी बांधून काठीवर दगड रचायचे. माती चांगली असेल तिथं खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवून ठोका. आणि कितीही शांत संध्याकाळ असली तरी दोऱ्या बांधूनच झोपा, सह्याद्रीच्या माथ्यावर वारं पहाटे कधी सुटेल सांगता येत नाही, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात का!

तापोळ्याबद्दल. पाण्याला लागून तंबू टाकायचा मोह होतो, फोटो छान येतात, पण गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साठते. महाबळेश्वरला गावात तेवढी थंडी नसताना वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या ह्याचमुळं. काठापासून थोडं वर, उताराच्या खांद्यावर, झाडांच्या आडोशाला झोपलात तर थंडीही कमी आणि दवही कमी. पलीकडचं जंगल कोयना अभयारण्यात येतं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिकडं आणि वासोट्यावर मुक्काम करायला बंदी आहे, संध्याकाळच्या आत परत यायचं. कास पठारावर तर तंबूचं नावच काढू नका, जांभ्यावरच्या बोटभर मातीत ती फुलं उगवतात, एका रात्रीच्या तळानं तिथलं वर्षभराचं नुकसान होतं. किल्ल्यावरही राहायला परवानगी आहे का ते खालच्या गावात आणि वन खात्याकडं आधी विचारून घ्या.

आणि तंबू आणला की पहिल्यांदा घराच्या गच्चीवर लावा, तोही संध्याकाळी दिवा न लावता. किल्ल्यावर पोचेपर्यंत अंधारच पडलेला असतो.

प्रश्न: माझी द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. माल तयार झाला की दीड-दोन महिने बागेतच झोपावं लागतं, नंतर बेदाण्याच्या शेडवर. आत्तापर्यंत खाली ताडपत्री टाकून झोपायचो पण गेल्या वर्षी शेजारच्या रानात मण्यार निघाली, तेव्हापासून घरचे झोपू देत नाहीत. छोटा तंबू घेऊ का?

दादा, घरच्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. ह्या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो.

मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, माणसानं कूस बदलली की चावते. चावल्याचं कित्येकदा कळतच नाही, आग नाही, सूज नाही, दात उमटलेले दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलता येईना, गिळता येईना होतं, आणि तोपर्यंत वेळ गेलेला असतो. त्यामुळं तुम्हाला पहिली गरज तंबूची नाहीच, जमिनीपासून वर उचललेल्या अंथरुणाची आहे. घरातली जुनी बाज किंवा लोखंडी कॉट बागेत नेऊन टाका. तिच्यावर मच्छरदाणी बांधा आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. लोंबती मच्छरदाणी किंवा जमिनीला टेकलेली चादर म्हणजे सापाला वर यायला शिडीच दिल्यासारखं. एवढ्या दोन गोष्टींनी साप, विंचू, डास तिघांचाही बंदोबस्त होतो, आणि खर्च किती, तर एका मच्छरदाणीचा.

वरून दव पडतं त्याला ताडपत्री लागेल. जी खाली अंथरत होता तीच वर बांधा, एक बाजू उंच एक बाजू खाली अशी उतरती, आणि वाऱ्याच्या बाजूनं खालची कड. बाजू मोकळ्याच ठेवा, राखणीला ऐकू यायला पाहिजे, दिसायला पाहिजे, बंद तंबूत बसून राखण होत नाही. कॉट कुठं ठेवायची हे जास्त बघा. छाटणीच्या काड्यांचा ढीग, पाचटाचा ढीग, पोत्यांची थप्पी, दगडाचा बांध ह्याच्यापासून लांब, कारण ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागं साप येतो. चौफेर थोडी जागा गवत काढून स्वच्छ ठेवा. रात्री उठलात तर आधी बॅटरी, मग पाय खाली, बूट सकाळी झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. बूट झटकायची सवय विंचवासाठीही लागते, लाल विंचू दिसायला एवढासा पण लहान पोरांच्या जिवावर उठतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्यावर प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून कितीतरी जीव वाचलेत, पण त्यासाठीही वेळेत दवाखान्यात पोचावं लागतंच.

बागेत झोपताना आणखी एक. मार्च-एप्रिलात वळीव यायला लागतो आणि बागेत सगळीकडं लोखंडी अँगल आणि तारा असतात. विजा चमकायला लागल्या की बागेत थांबू नका, ताडपत्री वीज अडवत नाही. पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जाऊन बसा, झाडाखाली नको. बेदाण्याच्या शेडमध्ये झोपायचं असेल तर ज्या दिवशी गंधकाची धुरी दिली त्या दिवशी शेडच्या आसपाससुद्धा झोपू नका, तो धूर छातीत बसतो, दमेकऱ्याला तर फार वाईट.

आणि कधी संशय जरी आला, म्हणजे पहाटे उगाच पोटात दुखतंय, डोळे उघडवत नाहीत, तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही, थेट सरकारी रुग्णालय, जिथं सर्पदंशाची लस आहे तिथं. कुठल्या रुग्णालयात ती असते हे हंगाम सुरू व्हायच्या आधीच चौकशी करून नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

प्रश्न: मी सांगलीत कॉलेजला आहे. आम्हा मैत्रिणींना तंबूपेक्षा हॅमॉक (दोन झाडांना बांधायची कापडी झोळी) आवडतंय, हलकं असतं आणि साप-विंचवाची भीती नाही. थंडीत चालेल का?

चालेल, पण झाडं असतील तिथंच. आपल्याकडचे सडे आणि गडमाथे उघडे-बोडके, तिथं हॅमॉक पिशवीतच राहणार. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या आमराईत मात्र मजा आहे. जिवंत, मांडीपेक्षा जाड खोड बघा, वर वाळलेली फांदी नाही ना ते मान वर करून बघा, नारळाखाली अजिबात नको. बांधायला बारीक दोरी नको, ती सालीत रुतते, दोन बोटं रुंद पट्टा घ्या. पट्टा जमिनीला साधारण ३० अंशात उतरता आला पाहिजे. फार ताणून बांधलं तर पट्ट्यावर आणि झाडावर कितीतरी जास्त ताण येतो, शिवाय आत माणूस केळ्यासारखा वाकतो. थोडी झोळ ठेवा आणि त्यात सरळ न झोपता तिरकं झोपा, पाठ सपाट होते.

थंडीचं म्हणाल तर हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते. पाठीखाली स्लीपिंग बॅग दबते, दबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊब जाते, वर खालून वारं. म्हणून पाठीखाली फोमची मॅट पाहिजेच, साधी काळी-निळी फोम मॅट पुरते. वर दवासाठी छोटी ताडपत्री आणि अंगाभोवती जाळी. पहिल्याच रात्री नवीन ठिकाणी जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घराजवळच्या झाडांना बांधून एक रात्र झोपून बघा, काहींना त्यात झोपच येत नाही, मग रात्रभर जागत बसायची वेळ नको.

प्रश्न: आमची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर असते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड ह्या मुक्कामांना पाऊस लागला की राहुट्या गळतात आणि खालून पाणी शिरतं. म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. नवीन राहुट्या प्लास्टिकच्या घ्याव्या का?

माउली, घाई करू नका, कापडी राहुटी वाईट नसते. जाड सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून तो पाऊस बराच अडवतो आणि आत कोंदटही होत नाही. अडचण कुठं होते, तर आतून कुणाचा हात, सामान, वाळत घातलेलं धोतर कापडाला टेकतं आणि तिथून पाणी आत ओढलं जातं. दिंडीत सगळ्यांना हे एकदा बजावून सांगा, निम्मी गळती तिथंच थांबेल. नवीन कॅनव्हास असेल तर वारीच्या आधी दोन-तीनदा भिजवून वाळवा, शिवण बसते. नुसतं प्लास्टिक घेतलंत तर वरून पाणी येणार नाही पण वीस-पंचवीस माणसांच्या श्वासाचं पाणी आतून टपकेल, आणि दुपारी ऊन पडलं तर आत थांबवणार नाही. घ्यायचंच तर कापडी राहुटीवर ताडपत्रीचं वेगळं पांघरूण घाला, मध्ये हवा राहील असं.

खालच्या पाण्यासाठी जागा निवडणाऱ्या माणसाला दिंडीबरोबर न चालवता पुढं गाडीनं पाठवा, असं मी कळकळीनं सांगेन. शेताचा उतार बघायचा, बांधाच्या खालची बाजू टाळायची, वरच्या अंगाला वीतभर खोल चर मारून पाणी बाजूला काढून द्यायचं आणि निघताना चर बुजवायचा, शेत दुसऱ्याचं आहे. आत अंथरलेली ताडपत्री राहुटीच्या भिंतीबाहेर एक बोटही येता कामा नये. बाहेर आली की छतावरचं पाणी तिच्यावर पडतं आणि सरळ अंथरुणाखाली येतं, जिथं खालून पाणी शिरतं तिथं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. उलट तिच्या कडा आतून चार बोटं वर दुमडून घ्या.

दोऱ्यांचंही बघा. सुती किंवा तागाची दोरी भिजली की आखडते, रात्रीत खुंटी उपटते नाहीतर कापड फाडते, म्हणून पावसाची चिन्हं दिसली की झोपायच्या आधी ती थोडी सैल करायची. नायलॉनची दोरी उलट भिजून सैल पडते, ती ओढून घ्यायची. काळ्या रानात ओली माती खुंटी धरत नाही, तिथं हातभर लांबीचे लोखंडी अँगल ठोका, आणि त्यांच्या डोक्यावर जुनं कापड बांधा, अंधारात पायाला लागतात. स्वयंपाकाची राहुटी आणि गॅस झोपायच्या राहुटीपासून लांबच असू द्या.

प्रश्न: मुलगा ट्रेकला जातो. थंडी फार असते म्हणून तंबूत छोटी शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली ठेवली तर चालेल का? — एक आई, कराड

नाही ताई, अजिबात नाही, थोडा वेळसुद्धा नाही आणि चेन उघडी ठेवूनसुद्धा नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतून उठतच नाही. गॅसच्या स्टोव्हलाही हेच लागू, आणि तंबूचं कापड पेट घेतं ते वेगळंच.

त्याला द्यायचीच असेल तर घोंगडी द्या. पण पांघरायला न देता अंथरायला सांगा, कारण जमीन अंगातली ऊब फार ओढून घेते, वर दोन ब्लँकेटं घेऊन खाली नुसतं प्लास्टिक असेल तर पोरगं कुडकुडणारच. आपल्या जत-आटपाडीकडचे धनगर मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात घालून उघड्या माळावर झोपतात ते ह्याच घोंगडीच्या जिवावर, दख्खनी मेंढीची लोकर आणि वरून चिंचोक्याची खळ, दव वरच्या वर राहतं. जड वाटली तर फोमची मॅट. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घालायचे, कोरडे मोजे आणि कानटोपी, धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावून मोज्यात घालून पायाशी, आणि रात्री पोटभर जेवण. उपाशी पोटी कुठल्याच स्लीपिंग बॅगेत ऊब येत नाही.

प्रश्न: जुलैत ठोसेघर-पाटण बाजूला पावसात तंबूत राहायचंय, कुठला तंबू टिकेल?

जुलैत त्या पट्ट्यात तंबू टाकूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही महागाचा असला तरी. दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, कापड कोरडं होत नाही, जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली, खुंट्या सुटतात, त्यात दरडींची भीती, २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ओढ्याकाठची छान दिसणारी सपाट जागा तर सगळ्यात धोक्याची, पाऊस डोंगरावर पडतो आणि पाणी रात्री खाली येतं. गावात कुणाच्या तरी ओसरीवर, पडवीत, देवळाच्या सभामंडपात विचारून मुक्काम करा, पिठलं-भाकरी मिळेल, त्या घराला चार पैसे मिळतील, दिवसा धबधबे बघा, रात्री कौलाखाली झोपा. जागा कुठली घ्यायची हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठल्या बाजूचा डोंगर सुटतो हे त्याला माहीत असतं. आणि तंबूतच झोपायची हौस असेल तर नोव्हेंबरपर्यंत थांबा.